"देव चांगला आहे" हे तुम्ही स्वतः कधी अनुभवलंय का?

अंजिरी | शनिवार, रात्री 10:40

बरीच वर्षं वाचनमात्र होते. पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले ख्रिस्ती, माझी चौथी पिढी. घरात रोज संध्याकाळी प्रार्थना, रविवारची उपासना चुकवायची नाही, नाताळात करंज्या-शंकरपाळे. मी आता पुण्यात असते आणि रविवारी बऱ्याचदा झोपून राहते, हे आधीच कबूल करते.

मार्चमध्ये पप्पा गेले. यकृताचा कॅन्सर. तेवीस दिवस रुग्णालयात होते. त्या तेवीस दिवसांत मंडळीने साखळी-प्रार्थना केली, धाकट्या काकूने उपास धरले, जालन्याहून नि बीडहून रोज कुणीतरी फोनवर प्रार्थना करायचं. तरी गेले.

महिन्याने घरी प्रार्थना ठेवली. पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाला साक्ष द्यायची आहे का? (माहीत नसलेल्यांसाठी: देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं, ती साक्ष. बहुतेक साक्षी 'आजारी होतो, प्रार्थना केली, बरा झालो' याच वळणाच्या.) मला वाटलं दादा उठेल. उठली आई. पदर सारखा केला, म्हणाली, "परमेश्वर चांगला आहे. मी अनुभव घेतलाय." आणि बसली.

मला इतका राग आला की मी स्वयंपाकघरात जाऊन कपबशा विसळत बसले. अजून तो पूर्ण गेलेला नाही. कसला चांगुलपणा? आईला विचारायचं धाडस होत नाही. ती रडेल याची भीती नाही, मी भांडेन याची आहे.

तिचं वाक्य बायबलातल्या 34व्या स्तोत्रातलं, आठवं वचन. "परमेश्वर किती चांगला आहे ह्याचा अनुभव घेऊन पाहा." संडे स्कूलला आम्ही सगळ्यांनी पाठ केलेलं. तर ज्यांचा विश्वास आहे त्यांना विचारते, अनुभव घेतला म्हणजे नेमकं काय घडलं? परीक्षेत पास झालो, नोकरी लागली, हे सोडून सांगा.

चहाबाज | रात्री 10:52

जागा पकडून ठेवतो. दोनशे प्रतिसाद कुठे गेले नाहीत.

(वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं, हे आधी लिहायला हवं होतं.)

डॉ_खोकला | रात्री 11:15

मी नास्तिक आहे, त्यामुळे खरं तर प्रश्न मला नाही. पण वीस वर्षं वॉर्डात काढली आहेत म्हणून बोलतो. बरा झालेला पेशंट पेढे घेऊन येतो आणि म्हणतो, देवाने वाचवलं. शेजारच्या खाटेवरचा गेलेला असतो. त्याच्याही घरच्यांनी प्रार्थना, नवस, अंगारे सगळं केलेलं असतं. ते पेढे आणत नाहीत, म्हणून हिशेबात येत नाहीत. सगळ्याच धर्मांच्या साक्षी अशा वाचलेल्यांच्या असतात.

म्हणूनच तुमच्या आईंचं वाक्य मी दोनदा वाचलं. न वाचलेल्याच्या घरातून असं काही आलेलं मी पहिल्यांदा ऐकतोय. मला पटलं नाही, पण हे ठरावीक साच्यातलं नाही एवढं खरं.

भुसावळ_पॅसेंजर | रात्री 11:31

साक्षींवरून आठवलं. आमच्या मंडळीत एक आजोबा आहेत. दर आभारप्रदर्शनाच्या उपासनेला एकच साक्ष: तरुणपणी बैलगाडीसकट विहिरीत पडले आणि प्रभूने वाचवलं. मी लहान होतो तेव्हा विहीर तीन परस खोल होती. गेल्या वर्षी सात परस झाली. पाळक घड्याळाकडे बघतात, बैल मात्र दर वर्षी वाचतात.

नवी_वाट | रविवार, सकाळी 7:05

ताई, तुम्ही नोकरीची साक्ष नको म्हणालात आणि माझी नेमकी नोकरीचीच आहे. :)

मी जन्माने ख्रिस्ती नाही. 2016 साली काम सुटलं, सात महिने घरी. घरच्यांना सांगितलंच नव्हतं. रोज डबा घेऊन निघायचो आणि संभाजी बागेत बसायचो. तिथे भेटलेल्या एका काकांबरोबर प्रार्थनेला जायला लागलो. पुढे नोकरी लागली, सगळे म्हणाले बघ, प्रभूने दिली. मीही तशीच साक्ष दिली. पण खरं सांगू? नोकरी लागली त्या दिवसाचं फारसं काही आठवत नाही. आठवतो तो पाचव्या महिन्यातला एक दिवस. पहिल्यांदाच मोठ्याने म्हणालो, "बापा, मी खोटं बोलतोय घरी." त्या रात्री बायकोला सगळं सांगितलं. नोकरी अजून लागलेली नव्हती, पण छातीवरचं ओझं उतरलं होतं. मला चांगुलपणा कळला तो तिथे. साक्षीत हे सांगितलं नाही कारण लोकांना शेवट लागतो.

आणि डॉक्टरसाहेब, आमच्या सभेत बरे झालेले लोक मी डोळ्यांनी पाहिले आहेत. तुम्ही मोजा, पण ते खोटे नाहीत.

गावठी_तर्क | सकाळी 9:20

आलं का लक्षात कुणाच्या? आधी दुःखाची कहाणी, मग बागेत भेटणारे काका, मग 'बापा'. हा धागा नाही, प्रचार आहे. शंभर वर्षांपूर्वी तांदूळ वाटून जे केलं तेच आता मराठी संकेतस्थळावर.

हरेगावची_भाची | सकाळी 9:48

@गावठी_तर्क, 'तांदळाचे ख्रिस्ती' हे शाळेत ऐकून ऐकून माझे कान किटलेत. दुष्काळात कुणी भाकरी दिली आणि पणजीने ती खाल्ली, याची लाज तिने का बाळगायची? गावातल्या ज्यांनी पाणवठ्यावर येऊ दिलं नाही त्यांना कुणी विचारत नाही, तुम्ही कशासाठी धर्म पाळता म्हणून. आणि भाकरीसाठी आलेली माणसं चार पिढ्या कशी टिकतील हो? आता कुणी काही वाटत नाही. उलट वर्गणी द्यावी लागते.

अंजिरी, माझं आजोळ हरेगावजवळ. सप्टेंबरात मतमाऊलीच्या (येशूच्या आईच्या, मरियेच्या) यात्रेला दर वर्षी जाते. तिथे येणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेलेही भरपूर असतात. कुणाचं काय झालं ते कुणी विचारत नाही, चिखलात बसून एकत्र जेवतात. माझा अनुभव म्हणशील तर एवढाच.

संपादक | सकाळी 10:10

धर्मांतराच्या वादासाठी वेगळा धागा आहे. इथे मूळ प्रश्नाला धरून लिहावे. दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत.

चहाबाज | सकाळी 10:12

कोणते दोन? मी चहा करायला गेलो होतो.

पायी_वारी | दुपारी 12:30

मी माळकरी. तुमच्या धर्मातलं मला फार कळत नाही, पण 'अनुभव' हा शब्द बघून थांबलो. तो आमच्याही घरचाच. तुकोबांचं बघा. दुष्काळात बायको गेली, मुलगा गेला, धंदा बसला. विठ्ठल चांगला असं म्हणायला त्यांच्याजवळ कारण काय होतं? आणि ते देवाशी भांडतातही, चांगलं कडकडून. ताई, तुम्ही आईशी भांडाल म्हणून घाबरताय, पण भांडण तिच्याशी आहे की देवाशी, ते एकदा बघा. देवाशी असेल तर बिनधास्त भांडा. त्याला सवय आहे.

जुनी_बखर | दुपारी 1:05

पायी_वारी, म्हणूनच रेव्हरंड ना. वा. टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो अशा अर्थाचं म्हणत. त्यांचा बाप्तिस्मा 1895 चा. लक्ष्मीबाईंनी तो घ्यायला आणखी पाच वर्षं लावली, 1900 साली. त्या पाच वर्षांत त्यांनी काय सोसलं आणि नवऱ्यावर किती चिडल्या, ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, वर हसवतातही. अंजिरी, राग आला म्हणजे विश्वासाबाहेर पडलो असं मराठी ख्रिस्ती परंपरेत तरी नाही.

दुसरं उदाहरण केडगावचं. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेले, 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये नवरा. बाप्तिस्मा 1883 चा, पण खरा विश्वास त्यानंतर कित्येक वर्षांनी उमगला असं त्या स्वतःच सांगतात. शेवटी 1921 मध्ये एकुलती मुलगी मनोरमाही गेली, आणि पुढच्या वर्षी त्या स्वतः. या सगळ्यात मुक्ती मिशनमध्ये शेकडो बायका-मुली सांभाळल्या, हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. वाचलेल्यांच्याच साक्षी असतात म्हणणाऱ्या डॉक्टरांनी या बाईंचं नाव कुठल्या रकान्यात घालायचं ते सांगावं.

डॉ_खोकला | दुपारी 1:40

रकाना नाही माझ्याकडे. कणखर बाई होत्या हे मान्य. पण त्यांच्या कणखरपणाचं श्रेय त्यांना का देऊ नये?

जुनी_बखर | दुपारी 1:44

त्यांनी स्वतः घेतलं नाही म्हणून.

वसईचा_केळीवाला | दुपारी 3:15

बागेत पाणी लावून आलो. आम्ही कॅथलिक, आमच्याकडे उभं राहून साक्ष देण्याची तितकी पद्धत नाही, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) आणि नवस जास्त. आजीने माझ्यासाठी वांद्र्याच्या मोतमाऊलीला किती मेणबत्त्या लावल्या असतील त्याचा हिशेब नाही, कारण मी प्यायचो. चांगलाच प्यायचो.

2009 साली एका दुपारी देवळात जाऊन बसलो. भक्ती म्हणून नाही, ऊन होतं आणि घरी जायची सोय नव्हती. आवाज आला नाही, उजेड पडला नाही. देवळाची झाडलोट बघणारे एक म्हातारे होते, त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि फडकं हातात दिलं. "बसलायस तर बाकडी पूस." पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. महिनाभर बाकडी पुसली. फादरनी विचारलं नाही, म्हाताऱ्याने प्रवचन दिलं नाही. चौथ्या आठवड्यात लक्षात आलं की संध्याकाळ होते, हात थरथरतात, आणि तरी मी बाकड्यांकडे जातोय. मध्ये दोनदा घसरलो, लपवत नाही. पण फडकं अजून माझ्याकडेच आहे. म्हातारे वारले, आता मीच देतो ते दुसऱ्यांना.

हा देवाचा चांगुलपणा की त्या म्हाताऱ्याचा, ते डॉक्टरांनी ठरवावं. मला दोन्ही वेगळे करता येत नाहीत.

नवी_वाट | दुपारी 3:22

दादा. 🙏 यापुढे काय लिहू.

भुसावळ_पॅसेंजर | दुपारी 3:40

केळीचा भाव काय चाललाय सध्या?

वसईचा_केळीवाला | दुपारी 3:58

रडायचा. आमच्याकडे बागा किती उरल्यात ते आधी विचार. सगळीकडे इमारती.

पोथीवाचक | संध्याकाळी 6:30

कुणीच मूळ वचनाकडे वळलं नाही म्हणून थोडं.

34व्या स्तोत्रात मूळ हिब्रू क्रियापदाचा अर्थ 'चाखा' असा आहे. चाखा आणि पाहा. आपल्या मराठी भाषांतरात ते 'अनुभव घेऊन पाहा' झालं. चूक नाही, पण 'अनुभव' म्हटलं की आपल्याला काहीतरी मोठं, आध्यात्मिक वाटायला लागतं. चाखणं जिभेवरचं, एका घासाचं. आणि क्रम बघा. आधी चाखायचं, मग पाहायचं. ताटात काय आहे ते पूर्ण कळल्यावर जेवायला बसा, असं तिथे नाही.

दुसरं, हे स्तोत्र कुठल्या प्रसंगाचं? मथळ्यात लिहिलंय: दाविदाने वेड्याचं सोंग घेतलं तेव्हाचं. गोष्ट बायबलातल्याच 1 शमुवेल या पुस्तकाच्या 21व्या अध्यायात. राजा शौल जिवावर उठलेला, दावीद पळून शत्रूच्याच गावात, गथात, शिरला. तिथे ओळखला गेला, तेव्हा दारांवर ओरखडे काढू लागला, दाढीवर लाळ गाळू लागला. वेडा समजून गथच्या राजाने हाकलला. (मथळ्यात राजाचं नाव अबीमलेख आहे आणि शमुवेलात आखीश, त्यावर अभ्यासकांनी भरपूर कागद खर्च केलाय.) म्हणजे 'परमेश्वर चांगला आहे' हे सिंहासनावर बसून सुचलेलं नाही. अब्रू गेलेली, दाढीला लाळ.

त्याच अध्यायात थोडं आधी तो उपाशीपोटी नोब गावच्या याजकाकडे जातो आणि मंदिरातली समर्पित भाकर मागून खातो. फक्त याजकांनी खायची ती. चाखण्याची भाषा तिथूनच आली असं मी ठामपणे म्हणणार नाही, पण दोन्ही शेजारी ठेवून वाचायला मला आवडतं.

हरेगावची_भाची | संध्याकाळी 6:51

भाकर! मराठी बायबलचं मला हेच आवडतं. 'आमची रोजची भाकर आज आम्हास दे.' 'जीवनाची भाकर.' लहानपणी मला खरंच वाटायचं की येशू बाजरीची खायचा.

पायी_वारी | संध्याकाळी 6:58

मग? आमचा विठोबा नाही का जनाबाईबरोबर दळायला बसला. पीठ तिकडून, भाकरी इकडून.

वसईचा_केळीवाला | संध्याकाळी 7:10

पोथीवाचक, एक भर. ख्रिस्तप्रसाद (उपासनेतली पवित्र भाकर) घेताना हेच वचन गायची रीत फार जुनी. चौथ्या शतकात जेरुसलेमच्या बिशप सिरील यांच्या नावावरच्या शिकवणीत ती आहे. म्हणजे चाखा हे अक्षरशः.

गावठी_तर्क | संध्याकाळी 7:35

माझा प्रतिसाद उडवला नाही म्हणून बरं वाटलं. केळीवाल्यांचं वाचलं. माझा एक मामा पिऊन गेला. त्याच्या हातात कुणी फडकं दिलं नाही. एवढंच.

वसईचा_केळीवाला | संध्याकाळी 7:41

भाऊ, कधी वसईला आलात तर या. देवळात नको, बागेत बसू.

अंजिरी | गुरुवार, रात्री 11:20

मधले तीन दिवस गायब होते. नगरला गेले होते. विचारलं शेवटी.

आधी भांडण झालंच. मी म्हटलं, सगळ्यांसमोर असं बोलायची काय गरज होती, लोकांना काय वाटलं असेल, तुला काही झालंच नाही असं. आई गवारीच्या शेंगा मोडत होती. म्हणाली, "तुला काय वाटतं, ते गेले हे मला कळलेलं नाही?" मग बराच वेळ दोघी गप्प.

मग तिने सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहायचा प्रयत्न करते.

पप्पांची चव गेली होती हे मला माहीत होतं. पाणीसुद्धा कडू लागायचं. शेवटचे दहा-बारा दिवस त्यांनी जेमतेम काही खाल्लं. शेजारच्या खाटेवर करमाळ्याकडचे एक काका होते, त्यांच्या बायको धर्मशाळेत स्टोव्हवर ज्वारीच्या भाकरी थापून आणायच्या. एकविसाव्या रात्री त्यांनी डबा उघडला आणि पप्पा डोळे मिटलेलेच म्हणाले, "भाकरी आहे का?" आईला वाटलं भ्रम आहे. नर्स म्हणाली, द्या एवढीशी. त्या बाईंनी पापुद्र्याचा तुकडा दुधात भिजवून दिला. पप्पांनी तो किती तरी वेळ चघळला आणि म्हणाले, "खरपूस आहे." म्हणजे चव लागली. अजून एक घास मागितला.

मग एकदम दचकून आईला म्हणाले, "अगं, प्रार्थना राहिली की!" लग्नाला एकोणचाळीस वर्षं. जेवणाआधीची प्रार्थना या माणसाने कधी चुकवली नव्हती. चहालासुद्धा डोळे मिटायचे. मग खाल्ल्यावर प्रार्थना केली, दोन वाक्यांची, आणि दोघं हसायला लागले. करमाळ्याच्या काकूही हसल्या, त्यांना काय झालं ते कळलं नव्हतं तरी.

आई म्हणाली, "वीस दिवस मी एकच धोशा लावला होता, ह्यांना बरं कर, ह्यांना बरं कर. त्या रात्री मागायचं विसरूनच गेले."

मी विचारलं, मग म्हणून तू उभी राहिलीस? तर म्हणाली, नाही. "उभी राहिले तेव्हा पाय लटपटत होते. खरं वाटत होतं असं नाही. नुसतं म्हणून बघितलं. म्हटल्यावर टेकता आलं."

मला हे पुरतं का, सांगता येत नाही. दोन घासांच्या बदल्यात पप्पा, हा हिशेब मला अजून जमत नाही, आणि आई म्हणते हिशेब करायला तुला सांगितलंय कुणी. पोथीवाचकांचा प्रतिसाद मी तिला वाचून दाखवला. दाविदाच्या दाढीवरची लाळ ऐकून म्हणाली, "हो मग, तुझ्या पप्पांची मीच पुसायचे."

नवी_वाट | रात्री 11:31

🙏

पोथीवाचक | रात्री 11:50

मी इतकी वर्षं हे स्तोत्र वाचतोय. आज बंद करून ठेवतो.

भुसावळ_पॅसेंजर | शुक्रवार, सकाळी 8:05

विहिरीवाल्या आजोबांची चेष्टा केली, आता मलाच कसंतरी होतंय. रविवारी त्यांना विचारतो, बाहेर कुणी काढलं म्हणून. इतक्या वर्षांत कुणी विचारलेलंच नाही.

चहाबाज | सकाळी 8:20

हे ऐकायचंय. परतल्यावर इथे लिही.

डॉ_खोकला | सकाळी 8:45

अंजिरी, एक विचारू का? शेजारच्या खाटेवरच्या काकांचं पुढे काय झालं?

अंजिरी | सकाळी 9:02

बरे झाले. मे महिन्यात दोघं करमाळ्याहून एसटीने आमच्या घरी आले होते. पेढे घेऊन. पप्पा गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं, दारात कळलं. काकू पेढ्यांचा पुडा पिशवीत परत घालायला लागल्या, तर आईने तो हातातून काढून घेतला, एक स्वतः खाल्ला आणि बाकीचे आळीत वाटले.